छोट्या विमानात ऊब फुकट मिळते, गारव्याची किंमत मोजावी लागते

दर उन्हाळ्यात एखादा तरी व्हिडिओ फिरतोच. विमान जमिनीवर उभं, आतला एसी धड चालत नाही आणि घामाघूम प्रवासी सीटच्या खिशातलं सुरक्षेचं कार्ड काढून वारा घेतायत. खाली प्रतिक्रिया ठरलेल्या: एवढं तिकीट घेता आणि साधा एसी चालत नाही? प्रश्न रास्त आहे, त्याचं उत्तर पुढे येईल. पण ज्या विमानांत एसी मुळात बसवलेलाच नसतो, त्यांच्याबद्दल सहसा कुणी विचारत नाही. नागपूर, गोंदिया, धुळे अशा ठिकाणी वैमानिक व्हायला आलेली मुलं-मुली ज्या दोन किंवा चार सीटच्या विमानांत शिकतात, त्यांतली बरीचशी अशीच. बाहेर ४४ अंश आणि आत काचेखाली बसून रेडिओवरचं बोलणं ऐकायचं, लिहून घ्यायचं, विमानही हाकायचं.

गंमत अशी की याच विमानांत हीटर मात्र हमखास असतो. साठ-सत्तर वर्षांपूर्वीच्या विमानांतही होता. असं का, हे समजून घेतलं की छोट्या विमानाचं निम्मं अर्थशास्त्र कळतं, आणि त्यातला एक गंभीर धोकाही.

## वर किती थंडी असते?

जमिनीपासून वर जाऊ लागलं की दर हजार मीटरला तापमान सरासरी साडेसहा अंशांनी उतरतं. नागपुरात दुपारी ४४ अंश असताना अडीच हजार मीटर वर गेलात, तर बाहेरची हवा २८ अंशांच्या आसपास किंवा त्याहून गार मिळेल. म्हणजे उन्हाळ्यात उंची हाच सगळ्यात स्वस्त एसी. शिकाऊ वैमानिकाला मात्र त्याचा फारसा उपयोग नाही. त्याचा बराच वेळ धावपट्टीभोवती चकरा मारत उतरण्या-चढण्याचा सराव करण्यात जातो आणि ती उंची साधारण ३०० मीटर. तिथे फरक पडतो तो दोन-तीन अंशांचा.

युरोपात किंवा कॅनडात जानेवारीत उलट होतं. जमिनीवर ५ अंश असतील तर अडीच हजार मीटरवर शून्याखाली ११. छोट्या विमानाची भिंत म्हणजे पातळ अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा आणि आतून थोडं अस्तर. दारांच्या फटींतून वारा शिरतो. तिथे हीटर ही चैन राहत नाही. बोटं आखडलेला वैमानिक नीट विमान चालवू शकत नाही.

## हीटर कसा चालतो?

ज्यांनी घरात तांब्याचा बंब पाहिला आहे, त्यांना हे लगेच कळेल. बंबाच्या मधोमध एक नळी असते. तिच्यात ढलप्या आणि कोळसा पेटतो, धूर वरून बाहेर जातो. नळीभोवतीच्या पोकळीत पाणी असतं, ते नळीच्या उष्णतेने तापतं आणि तोटीतून बाहेर येतं. विस्तव आणि पाणी एकमेकांना खेटून असतात, मध्ये फक्त तांब्याचा पत्रा.

सेसना १७२ हे जगात सर्वाधिक संख्येने बनलेलं विमान. त्याच्या हीटरची रचना हीच आहे. मधल्या नळीच्या जागी इंजिनाचा मफलर, म्हणजे जळालेला वायू बाहेर सोडणाऱ्या एक्झॉस्टच्या नळीवरचा, आवाज कमी करणारा डबा. त्याच्याभोवती पत्र्याचं कवच. पाण्याच्या जागी हवा. विमान पुढे जात असतं, त्यामुळे नाकाकडून हवा आपोआप रेटून आत येते, तापलेल्या मफलरला घासून गरम होते आणि जाड नळीतून केबिनमध्ये जाते. वाटेत एक झडप असते, फायरवॉलवर. फायरवॉल म्हणजे इंजिन आणि माणसं यांच्यामध्ये उभी केलेली, आग अडवणारी धातूची भिंत. वैमानिकापुढे दोन नॉब: एक गरम हवेचा, दुसरा बाहेरच्या गार हवेचा. दोन्ही कमीजास्त ओढून हवं तसं मिश्रण करायचं. थर्मोस्टॅट नाही, वेगळा पंखा नाही, विजेचा खर्च नाही.

फुकट म्हटलं ते याच अर्थाने. पेट्रोल इंजिनात इंधनातल्या ऊर्जेचा जेमतेम पाव ते एक तृतीयांश भाग विमान ओढणारा पंखा (प्रोपेलर) फिरवायला कामी येतो. उरलेली सगळी उष्णता बनून एक्झॉस्टमधून आणि इंजिनाच्या अंगावरून वाया जाते. एक्झॉस्टचा वायू सातशे-आठशे अंशांपर्यंत तापलेला असतो. जी उष्णता फेकूनच द्यायची, तिच्यातली थोडी आत वळवली एवढंच.

ही व्यवस्था फार सुखाची नाही. पुढच्या दोघांच्या पायांना चटके बसतात आणि मागचे दोघे जॅकेट घालून बसतात. उतरताना वैमानिक इंजिन मंद करतो तेव्हा मफलर गार पडू लागतो आणि नेमकी तेव्हाच ऊब कमी होते. जमिनीवर उभं असताना हवेचा रेटा नसल्याने हीटर जवळपास नावापुरताच.

## मोटारीसारखा सुरक्षित हीटर का नाही लावत?

मोटारीत इंजिनाभोवती पाणी खेळवलेलं असतं. तेच गरम पाणी डॅशबोर्डमागच्या छोट्या रेडिएटरमधून जातं आणि पंखा त्यावरून हवा फेकतो. गळती झालीच तर पाय ओले होतील. सेसनासारख्या विमानांची इंजिनं मात्र हवेने थंड होणारी असतात, कारण पाणी, रेडिएटर आणि पाइप म्हणजे वजन आणि बिघाडाच्या आणखी जागा. पाणीच नाही, तर गरम पाणी कुठून आणणार? जुन्या फोक्सवॅगन बीटलचं इंजिनही हवेने थंड होई आणि तिच्यातही एक्झॉस्टच्या उष्णतेवरच ऊब मिळे.

अपवाद आहेत. डायमंड कंपनीच्या डीए-४० एनजी या चार सीटच्या विमानाचं इंजिन मर्सिडीजच्या मोटारीतल्या डिझेल इंजिनावरून घडवलेलं आणि पाण्याने थंड होणारं आहे. त्यातला हीटर मोटारीसारखाच चालतो. मला विचाराल तर पुढच्या पिढीच्या विमानांत हीच पद्धत रुळायला हवी, पण आज जगभर उडणाऱ्या हजारो जुन्या सेसना आणि पायपरना याचा उपयोग नाही.

दोन इंजिनांच्या विमानांची अडचण निराळी. पायपर सेनेका किंवा बीचक्राफ्ट बॅरनमध्ये इंजिनं पंखांवर, माणसांपासून लांब. तिथून केबिनपर्यंत गरम हवेच्या नळ्या आणण्यापेक्षा या विमानांत चक्क एक स्वतंत्र छोटी शेगडी बसवलेली असते. ती विमानाच्याच टाकीतलं पेट्रोल एका बंद नळीत जाळते आणि भोवतीची हवा तापवते. बंबच, फक्त आता खरा पेटता. इथे ऊब अगदी फुकट राहत नाही, थोडं इंधन खाते. आणि या शेगडीच्या जळत्या नळीची दाबाखाली चाचणी ठरलेल्या मुदतीत करावीच लागते.

## नळीला चीर गेली तर?

इथे खरा मुद्दा येतो. बंबाच्या नळीला भोक पडलं तर पाणी विस्तवावर पडतं, फुस्स आवाज होतो, घरभर धूर होतो आणि सगळ्यांना कळतं. विमानाच्या मफलरला चीर गेली तर जळालेला वायू हवेच्या कवचात शिरतो आणि गरम हवेबरोबर थेट माणसांच्या नाकापर्यंत येतो. त्यात असतो कार्बन मोनॉक्साइड. या वायूला रंग नाही, वास नाही.

विमानाच्या पेट्रोल इंजिनातून तो मोटारीपेक्षा कितीतरी जास्त बाहेर पडतो. एक कारण असं की उड्डाणाच्या वेळी इंजिन तापू नये म्हणून हवेच्या मानाने मुद्दाम जास्त पेट्रोल दिलं जातं. ते पुरतं जळत नाही. दुसरं कारण इंधनातलं शिसं. आपल्या मोटारींमधून शिशाचं पेट्रोल कधीच हद्दपार झालं, पण या विमानांचं बहुतांश पेट्रोल अजून शिसंयुक्त आहे. शिशामुळे धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर निकामी होतो, म्हणून तो बसवताच येत नाही. मोटारीच्या सायलेन्सरमधून येणाऱ्या धुराची आपल्याला जी सवय आहे, ती इथे धरून चालत नाही.

रक्तातलं हिमोग्लोबिन हा वायू ऑक्सिजनच्या दोनशे पटींहून अधिक घट्ट पकडून ठेवतं. आधी डोकं जड होतं, मळमळतं, झोप येते. छोट्या विमानात हेलकावे बसत असतील तर माणसाला वाटतं, विमान लागलं असेल. पुढे विचार मंदावतात, आणि विचार मंदावलेल्या माणसाला आपले विचार मंदावलेत हे कळत नाही. उंचीवर आधीच ऑक्सिजन विरळ, त्यामुळे परिणाम दुप्पट जाचतो. शुद्ध हवेत आल्यानंतरही रक्तातलं प्रमाण निम्म्यावर यायला चार-पाच तास लागतात.

२१ जानेवारी २०१९ च्या रात्री अर्जेंटिनाचा फुटबॉलपटू एमिलियानो साला फ्रान्समधल्या नांतहून वेल्समधल्या कार्डिफला निघाला होता. विमान होतं पायपर मालिबू, एका इंजिनाचं. ग्वेर्नसी बेटाजवळ ते इंग्लिश खाडीत कोसळलं. सालाच्या रक्तात कार्बन मोनॉक्साइडने व्यापलेल्या हिमोग्लोबिनचं प्रमाण ५८ टक्के निघालं. ५० टक्क्यांवरची पातळी सहसा जीवघेणीच. ब्रिटनच्या अपघात तपास यंत्रणेने मार्च २०२० च्या अंतिम अहवालात म्हटलं की एक्झॉस्टचा वायू केबिनमध्ये शिरून वैमानिकावरही बहुधा परिणाम झाला होता. अपघाताला हे एकच कारण नव्हतं. रात्र होती, हवामान वाईट होतं, वैमानिकाकडे आवश्यक परवाने नव्हते आणि वळण घेताना विमानावरचा ताबा सुटला. पण धोक्याचा आवाज देणारं साधं उपकरण आत असतं तर निदान वेळेवर सूचना मिळाली असती.

## वास येईल ना? ऑक्सिमीटर लावला तर?

वासाचा भरवसा धरू नये. कार्बन मोनॉक्साइडला वास नसला तरी एक्झॉस्टमधल्या बाकी वायूंना असतो, त्यामुळे कधी कधी जळका वास येतो. कधी येत नाही. आला तर त्याच क्षणी हीटर बंद करायचा, बाहेरच्या हवेच्या खिडक्या पूर्ण उघडायच्या, सोबत ऑक्सिजन असेल तर तो लावायचा आणि जवळच्या धावपट्टीवर उतरायचं.

कोविडनंतर घरोघरी बोटाला लावायचा ऑक्सिमीटर आला, म्हणून ही शंका हल्ली हमखास निघते. तो इथे उपयोगाचा नाही, उलट फसवतो. साधा ऑक्सिमीटर रक्ताच्या रंगावरून अंदाज बांधतो आणि कार्बन मोनॉक्साइड धरलेलं हिमोग्लोबिन त्याला ऑक्सिजन धरलेल्यासारखंच दिसतं. माणूस गुदमरत असताना आकडा ९८ दाखवू शकतो.

हीटर लावलाच नाही तर? भारतातले बहुतेक शिकाऊ वैमानिक महिनोन् महिने तो नॉब ओढत नाहीत. धोका कमी होतो, संपत नाही. मफलरला चीर असेल तर वायू इंजिनाच्या खोलीत पसरतो आणि फायरवॉलमधून तारा, दांडे जिथून आरपार जातात तिथल्या फटींतूनही आत येऊ शकतो. म्हणून ठरलेल्या तपासणीत मेकॅनिक मफलरवरचं कवच काढून चीर शोधतो.

विमानात बऱ्याचदा एक स्वस्त कार्ड चिकटवलेलं असतं, वायू लागला की त्यावरचा ठिपका काळवंडतो. ते ठरावीक मुदतीनंतर निकामी होतं, आणि काळवंडलेल्या ठिपक्याकडे पाहायला वैमानिक शुद्धीत हवा. आवाज करणारं, बॅटरीवरचं यंत्र कितीतरी बरं. ब्रिटनने १ जानेवारी २०२५ पासून, वैमानिक नसलेले प्रवासी नेणाऱ्या पिस्टन इंजिनाच्या विमानांत असं यंत्र सक्तीचं केलं आहे. सगळीकडेच ते सक्तीचं व्हावं असं माझं मत आहे. विमानाच्या एका तासाच्या इंधनाच्या मानाने त्याची किंमत काहीच नाही.

जाता जाता: उडत असताना इंजिनाला आग लागली तर करायच्या कामांच्या यादीत इंधन तोडण्याबरोबर केबिनचा हीटर बंद करणंही असतं. कारण तेच, फायरवॉलमधली ती झडप: उघडी राहिली तर धूर तिच्यातून आत येतो.

## मग एसी का नाही?

एसीचं तत्त्व घरातल्या फ्रिजचंच आहे: कंप्रेसर वायू दाबतो, तो बाहेरच्या जाळीत आपली उष्णता टाकतो, मग पसरून आत गार होतो. हे सगळं विमानात बसवता येतं आणि बसवतातही. अडचण आहे वजनाची आणि ताकदीची.

सेसना १७२ एसचं कमाल वजन १,१५७ किलो. रिकामं विमान साधारण पावणेआठशे किलोचं. टाक्या भरल्या की इंधनाचे १४४ किलो. उरले अंदाजे अडीचशे किलो, म्हणजे सामानासकट तीन मोठी माणसं. सीट चार असल्या तरी. त्यात २५-३० किलोचा एसी कायमचा बसवायचा तर कुणाचं सामान किंवा तासाभराचं इंधन खाली ठेवावं लागेल. आणि वर गेल्यावर गार हवा फुकट मिळत असताना ते ओझं प्रत्येक उड्डाणात वाहायचं.

ताकदीचं गणित त्याहून चमत्कारिक आहे. नागपूर विमानतळ समुद्रसपाटीपासून ३१५ मीटरच्या आसपास. पण ४४ अंशांच्या उन्हात हवा इतकी विरळ होते की इंजिनाला आणि पंखांना ते जणू सव्वाचौदाशे मीटर उंचीवर असल्यासारखं वाटतं. १८० अश्वशक्तीच्या इंजिनाची साधारण १५ टक्के ताकद तिथेच गळते, धावपट्टी जास्त लागते आणि विमान रेंगाळत चढतं. कंप्रेसरला चार-पाच अश्वशक्ती द्यायची ती नेमकी याच वेळी. एसीची गरज सर्वांत जास्त असते तेव्हाच इंजिनाला तो सर्वांत कमी परवडतो.

पायपर कंपनीने यावर जे उत्तर काढलं ते मला फार आवडतं. त्यांच्या आर्चरसारख्या विमानांत एसी घेता येतो. त्याची उष्णता टाकणारी जाळी पोटाखाली एका झाकणावर असते. एसी सुरू केला की ते झाकण खाली उतरतं. पण वैमानिकाने इंजिन पूर्ण ताकदीवर नेलं की एक छोटा स्विच एसी बंद करतो आणि झाकण आपोआप वर ओढून घेतो. म्हणजे धावपट्टीवरून सुटताना, ऐन उकाड्यात, एसी बंद. वर पोहोचून ताकद थोडी कमी केली की पुन्हा सुरू. सिरससारख्या नव्या आणि महागड्या विमानांत इंजिन ३१० अश्वशक्तीचं, म्हणून तिथे एसी सहज खपतो.

## तोवर माणसं काय करतात?

पहाटे उडतात. उन्हाळ्यात शिकाऊ विमानांची गर्दी सूर्योदयाला सुरू होते, ते आवडीने नव्हे. दुपारी गरम हवेचे धक्केही जास्त बसतात.

सेसनाचे पंख छतावर असल्याने आत थोडी सावली मिळते आणि खिडकी चक्क उडतानाही उघडता येते. पंखाच्या मुळाशी हवेचे गोल झरोके असतात, ते ओढले की वारा थेट तोंडावर. डायमंडच्या विमानांत मात्र डोक्यावर सगळी काचच. सूर्यप्रकाश आत येतो आणि उष्णता अडकते. म्हणून जमिनीवर फिरताना ती काच थोडी वर उचलून फट ठेवायची सोय दिलेली आहे, अर्थात उड्डाणाआधी पक्की लावून घ्यायची. ही विमानं पांढरीच का दिसतात याचं उत्तरही उन्हातच आहे: त्यांचं अंग धातूचं नसून राळ आणि तंतूंचं असतं, आणि फार तापलं तर त्याची मजबुती कमी होते.

अमेरिकेत काही हौशी वैमानिक बर्फ भरलेली पेटी आणि छोटा पंखा मागच्या सीटवर ठेवतात. तासभर बरं वाटतं. गरज नसेल तेव्हा पेटी खाली ठेवून जाता येतं, हा तिचा मोठा गुण.

## आणि त्या व्हिडिओतलं मोठं विमान?

तिथे पद्धतच वेगळी. जेट इंजिन आत घेतलेली हवा आधी जोरात दाबतं आणि मग त्यात इंधन जाळतं. केबिनसाठी हवा घेतात ती जाळण्याआधीच्या टप्प्यावरून, त्यामुळे एक्झॉस्टचा प्रश्न येत नाही. दाबल्यामुळे ही हवा खूप तापलेली असते. तिला बाहेरच्या हवेने निववून, मग एका चक्रातून पसरू दिलं की ती चांगलीच गार होते. नेतेमंडळींच्या दौऱ्यांत दिसणारं किंग एअर हे दोन पंख्यांचं विमान मधल्या वाटेवर आहे: ऊब आणि केबिनमधला दाब इंजिनाच्या दाबलेल्या हवेतून, गारवा मात्र फ्रिजसारख्या यंत्रातून.

मोठं विमान जमिनीवर इंजिन बंद करून उभं असलं की ही दाबलेली हवा शेपटीतल्या छोट्या इंजिनातून किंवा बाहेर उभ्या गाडीतून यावी लागते. दोन्ही बंद किंवा कमजोर असतील तर दीड-दोनशे माणसांची उष्णता आणि वरचं ऊन यांपुढे काही चालत नाही. तक्रार तेव्हा करावी ती या व्यवस्थेबद्दल. विमानाचा एसी बिघडलेला असेलच असं नाही.

## विजेवरच्या विमानात काय होईल?

पिपिस्ट्रेल वेलिस इलेक्ट्रो हे दोन सीटचं विमान जून २०२० मध्ये युरोपात प्रमाणित झालं, पूर्णपणे विजेवर चालणारं असं पहिलंच. त्यात एक्झॉस्ट नाही, मफलर नाही, म्हणून कार्बन मोनॉक्साइडची भीती नाही. पण फेकून द्यायला तेवढी उष्णताही नाही. विजेची मोटर बहुतेक ऊर्जा पंख्यालाच देते. असल्या विमानाच्या बॅटरीत साधारण २० ते २५ किलोवॉट-तास वीज मावते आणि उड्डाण तासाच्या आतबाहेर चालतं. दोन किलोवॉटचा हीटर ५० मिनिटं लावला तर बॅटरीतला सुमारे ७ टक्के साठा ऊब घेऊन जाईल, म्हणजे तीन-चार मिनिटांचं उड्डाण. एसी लावला तरी हिशेब जवळपास तोच.